अल्बम क्रमांक दोन

करारात एवढंच लिहिलंय : अल्बम क्रमांक दोन.
नाव नाही. पहिल्याला होतं, 'खारं पाणी',
आणि ते आता आमचं राहिलेलं नाही.
हळदीला वाजतं, जिममध्ये वाजतं,
मुलुंडच्या एका दंतवैद्याकडे
माझ्याच बेसवर माझी दाढ काढली गेली.
अर्धं तोंड बधिर, तरी पाय हलत होता.

ती रेकॉर्ड आम्ही मरोळला केली,
गाळा नंबर सतरा, पोटमाळ्यावर.
खाली बादल्यांची झाकणं पाडणारं मशीन.
धप्.
मग झाकण थंड व्हायला लागतो तेवढा वेळ.
धप्.
आम्ही शिव्या घालायचो. भिंतीला गाद्या लावल्या,
अंड्यांचे ट्रे लावले, ग्रेगरीनं तर
आईची चटई खिडकीवर खिळ्यांनी ठोकली.
तरी प्रत्येक टेकमध्ये ते यायचंच, तळातून,
भिंतीपलीकडच्या खोकल्यासारखं.

आता खारला आहोत, कंपनीच्या खर्चानं.
कॉफी विचारायला वेगळा माणूस.
शांतता अशी की आपलं गिळणं आपल्याला ऐकू येतं.
कंपनीचे सबनीस म्हणतात, "सेमच पाहिजे. पण नवीन."
माझी आई बोंबलाच्या आमटीत हे रोज करते,
पण तिला कोणी तारीख दिलेली नाही.

अकरा महिने.
उज्ज्वला तांडेल सुरात गाते, इतकी सुरात
की तिचीच तिला शंका येते.
बाबी मोहिते ट्रम्पेट पुसतो, पुन्हा पुसतो,
लग्नाच्या बँडमधल्या बापाची ती सवय.
एकेचाळिसाव्या टेकनंतर ग्रेगरीनं काठ्या खाली ठेवल्या.
"पयली पडत नाय रे," म्हणाला. "पयली."
सगळं होतं. दुसरी, तिसरी, चौथी,
मधल्या सांदीकोपऱ्यातल्या सगळ्या मात्रा.
सम नव्हती.

मंगळवारी मरोळला गेलो. गाळ्यात आता कुरिअरचं गोदाम.
वॉचमन म्हणाला, मशीन वालीवला गेलं,
शिवमूरतही गेला त्याच्याबरोबर,
टेम्पोत, मशीनला धरून.
हायवेवर दोन तास. कोणी बोललं नाही.
बाबीच्या मांडीवर रेकॉर्डर,
मेलेल्या माणसाचा आवाज आणायला निघाल्यासारखा.

मशीन तेच होतं. हिरवं, डाव्या अंगाला पोचा.
शिवमूरतनं आम्हाला ओळखलं, गाण्यावरून नाही,
शिव्यांवरून.
धप्.
आम्ही चौघं वाट बघत उभे.
अजून वाट बघत.
ग्रेगरी बोटांवर मोजत होता, बोटं संपली,
पुन्हा पहिल्या बोटावर आला.
धप्.
"साँचा बदल गया," शिवमूरत म्हणाला.
झाकणं बंद. आता खुर्च्या.
खुर्ची थंड व्हायला वेळ घेते.

रेकॉर्डर कोणी चालू केलाच नाही.
निघताना त्यानं एक बाद खुर्ची दिली,
एक पाय इतरांहून जरा आखूड.
रिक्षात ती बसेना, मग बाबी तिच्यावर बसला
आणि आम्ही बाबीला धरलं.

आता मी त्याच खुर्चीवर बसून वाजवतो.
ग्रेगरी मधे भलंमोठं अंतर सोडतो,
कोणी पाणी प्यायला जाऊन परत येईल एवढं,
आणि त्या अंतरात उज्ज्वला फक्त श्वास घेते.
मी वाकलो की आखूड पाय फरशीला लागतो : टक्.
ते आम्ही काढलेलं नाही.

एक गाणं झालंय. सहा मिनिटं चाळीस सेकंद.
काल सबनीसांना ऐकवलं.
सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मी बुटांकडे.
हलले नाहीत. चौथं मिनिट, तरी नाही.
पाचव्यात त्यांनी डावा पाय उचलून
उजव्यावर टाकला.

ते हलणं धरायचं की नाही,
यावर घरी येताना रिक्षात आमचं कडाक्याचं भांडण झालं.